एल्कच्या शिकारीला गाईड घ्यावा की नाही: माझं कसं ठरलं

कोलोराडोत एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला गाईड घ्यायची सक्ती नाहीये. तुम्ही इथले रहिवासी असा नाहीतर बाहेरच्या राज्यातून या, लायसन्स काढा, हंटर एज्युकेशनचं कार्ड जवळ ठेवा आणि नॅशनल फॉरेस्टमध्ये खुशाल एकटे चालत जा, कोणी अडवत नाही. त्यामुळं घ्यावा की नाही हे सगळं आपल्याच डोक्यावर येऊन पडतं आणि मी त्यावर एक अख्खा हिवाळा आणि उन्हाळा विचार केला, लोकांना विचारलं, आऊटफिटर म्हणजे पैसे घेऊन शिकारीला नेणाऱ्या लोकांना फोन केले, डोंगर चढून बघितला, आणि मग ठरवलं. मराठीत यावर कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही आणि इकडं आता आपली बरीच पोरं हंटिंगबद्दल विचारायला लागलीत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी मी कुठून आलो ते थोडक्यात. सातारा जिल्ह्यातलं गाव, घरात मटण खाणारी माणसं, पण शिकार कोणी केलेली नाही, भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून तो विषयच संपलेला आहे आणि ते योग्यच आहे असं माझं मत. इथं गोष्ट वेगळी आहे. कोलोराडोत एल्क पावणेतीन-तीन लाखांच्या आसपास आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त, आणि गेल्या शतकाच्या सुरुवातीला ते इथनं जवळजवळ संपले होते, मग वायोमिंगमधनं आणून सोडले, हंटिंगवर कडक बंधनं घातली, आणि आज जे कळप दिसतात ते त्यातनं उभे राहिलेत. त्या सगळ्या कामाचा खर्च मोठ्या प्रमाणात लायसन्सच्या पैशातनं आणि बंदुका-गोळ्यांवरच्या टॅक्समधनं निघतो, जो १९३७ च्या एका कायद्यानं अशा कामासाठी राखून ठेवलाय. मला हे कळल्यावर, आणि दुकानातलं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं मांस वर्षानुवर्षं खाल्ल्यावर, एकदा तरी स्वतःच्या हातानं सगळं करून बघावं, जनावर मारण्यापासून ताटात येईपर्यंत, असं मनापासून वाटायला लागलं. शिंगं भिंतीवर लावायची हौस मला कधीच नव्हती, आणि हे पुढं ठरवताना फार उपयोगी पडलं.

व्हिसाबद्दल दोन वाक्यं, कारण हा प्रश्न पहिला येतो. ग्रीन कार्ड असेल तर अडचण नाही. एच-वन-बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक बाळगायला फेडरल कायद्यानं बंदी आहे, फक्त वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे. पण या बाबतीत मित्रानं सांगितलं म्हणून पुढं जाऊ नका, वकिलाला विचारा, कारण चुकलं तर इमिग्रेशनवर येतं. माझं ग्रीन कार्ड आल्यावरच मी या भानगडीत पडलो.

तर ऑफिसात विचारलं तेव्हा दोन पक्ष निघाले. एक म्हणतो गाईड कशाला, पाच-सात हजार डॉलर घालून दुसऱ्यानं दाखवलेल्या जनावरावर नुसता ट्रिगर दाबायचा, त्यात काय शिकार, मी लहानपणापासनं बाबांबरोबर जातो, तू पण जा, चार वर्षं रिकाम्या हातानं येशील मग पाचव्या वर्षी कळेल. दुसरा म्हणतो पहिल्या वेळी गाईड घेच, तुला वारा कळत नाही, एल्क कुठं झोपतात ते कळत नाही, नुसता डोंगरात फिरून पाय दुखवून येशील. दोघंही खरं बोलत होते. राज्याच्या आकड्यात ढोबळमानानं पाचातल्या एका शिकाऱ्याला एल्क मिळतो, आणि त्यात गाईडवाले, प्रायव्हेट रँचवाले, वीस-वीस वर्षं एकाच डोंगरात जाणारे सगळे धरलेत, म्हणजे नवीन माणूस पब्लिक लँडवर, म्हणजे सरकारी जमिनीवर, एकटा गेला तर त्याचं काय होणार हे सांगायला नको. पण या दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट समान होती, दोघंही फक्त एल्क सापडण्याबद्दल बोलत होते. सापडल्यानंतर काय, याबद्दल कोणी एक शब्द काढला नाही, कारण त्यांच्यासाठी ते नेहमीचं काम. माझ्यासाठी मात्र खरा प्रश्न तिथनंच सुरू होत होता.

आमच्याकडं जत्रेला बोकड कापतात तेव्हा मी लहानपणी वाटे लावायला बसलेलो आहे, त्यामुळं रक्त-मांस बघून मला काही होत नाही. पण बोकड म्हणजे पंधरा-वीस किलोचा मामला, चार माणसं, पाण्याची बादली, सगळं अंगणात. एल्कची मादी सव्वादोनशे किलोच्या घरात असते आणि मोठा नर तीनशेच्या वर जातो. ते जनावर उलथं करायलाच ताकद लागते, आणि ते पडतं कुठं तर नऊ-दहा हजार फुटांवर, गाडीपासून तीन-चार मैल, आणि बहुतेक वेळा संध्याकाळच्या उजेडाच्या शेवटच्या अर्ध्या तासात. कायद्यानं चारही पाय, पाठीचे पट्टे, कण्याच्या आतल्या बाजूचे मऊ पट्टे (टेंडरलॉइन) असं सगळं खाण्यासारखं मांस तुम्ही काढून आणलंच पाहिजे, टाकून आलात तर गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मला ते कधी चाललं नसतं. वरनं एल्कचं कातडं इतकं जाड आणि उबदार की थंडीतसुद्धा आतलं मांस स्वतःच्याच उष्णतेनं हाडापासून खराब व्हायला लागतं, त्यामुळं लवकर सोलून, पाय सुटे करून, कापडी पिशव्यात टांगून गार करावं लागतं. ऑक्टोबरमध्ये दुपारी चांगलं ऊन असतं, म्हणजे वेळ तुमच्या हातात नसतो.

हे डोक्यात धरून मी उन्हाळ्यात फ्लॅट टॉप्स नावाच्या डोंगराळ पठारावर गेलो, मीकर गावाच्या वरच्या अंगाला. तिथला व्हाइट रिव्हरचा कळप जगातला सगळ्यात मोठा म्हणून प्रसिद्ध आहे आणि हंटिंगच्या दिवसात त्या गावातल्या मोटेलात खोली मिळत नाही. ट्रॅपर्स लेकपाशी गाडी लावली. या तळ्यालाही इतिहास आहे, १९१९ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसनं आर्थर कारहार्ट नावाच्या माणसाला इथं बंगल्यांचे प्लॉट आखायला पाठवलं आणि त्यानं परत जाऊन सांगितलं की इथं काही बांधू नका, आणि अमेरिकेत रानं रान म्हणूनच ठेवायची जी चळवळ झाली तिच्या उगमात या तळ्याचं नाव घेतात. १९७५ मध्ये फ्लॅट टॉप्स रीतसर वाइल्डरनेस, म्हणजे रान म्हणूनच राखलेलं क्षेत्र, झालं. याचा शिकाऱ्याला रोखठोक अर्थ असा की आत चाकाची कुठलीही गोष्ट चालत नाही. एटीव्ही तर नाहीच पण मांस ओढायची दोन चाकांची हातगाडीसुद्धा नाही. पाठीवर आणा नाहीतर घोडा-खेचरावर आणा, तिसरा मार्ग नाही.

मी सॅकमध्ये तांदळाच्या पोत्या आणि पाण्याचे कॅन भरून तीसेक किलो वजन केलं, एल्कच्या मागच्या पायाचं साधारण तेवढं होतं हाडासकट, आणि ते घेऊन पायवाटेनं तळ्यापासून वरच्या पठाराकडं गेलो आणि परत आलो. मी ट्रेकिंग करणारा माणूस आहे, सह्याद्रीत हिंडलोय, इथल्या चौदा हजारी शिखरांवर गेलोय, तब्येत चांगली आहे. एक खेप झाली. पण खाली बसून हिशोब केला की एकट्यानं अशा निदान चार-पाच खेपा, प्रत्येक खेपेला जाऊन-येऊन सहा-सात मैल, मध्ये अंधार, मध्ये कदाचित बर्फ, आणि प्रत्येक वेळी उरलेल्या मांसापाशी अस्वल आलेलं असू शकतं. म्हणजे दोन दिवसांचं काम, तेही सगळं व्यवस्थित झालं तर. त्या दिवशी मला कळलं की माझा प्रश्न गाईडचा आहे की घोड्याचा आहे हे आधी सोडवलं पाहिजे.

कारण घरी येऊन चौकशी केली तर लक्षात आलं की गाईड घेणं आणि न घेणं असे दोनच पर्याय नसतात, मधे बरंच काही आहे आणि नवीन माणसाला ते कोणी सांगत नाही. फुल गाईडेड म्हणजे राहणं, जेवण, घोडा, तुमच्याबरोबर दिवसभर माणूस, आणि मारल्यावर सोलण्यापासून खाली आणण्यापर्यंत सगळं त्यांचं, पब्लिक लँडवर मला सात-साडेसात हजार डॉलरच्या आसपास सांगितलं, मोठ्या प्रायव्हेट रँचवर नरासाठी दहा-बारा हजार आणि त्याच्या वरही. दुसरा प्रकार ड्रॉप कॅम्प, ते तुम्हाला घोड्यावरनं आत नेऊन तंबू-शेगडीच्या तयार तळावर सोडतात आणि ठरल्या दिवशी घ्यायला येतात, शिकार तुमची तुम्ही करायची, हे माणशी अडीच-तीन हजार. तिसरा म्हणजे फक्त पॅकर, तुम्ही स्वतः जा, एल्क पडला की सॅटेलाइट मेसेंजरवरनं मेसेज करा, तो खेचरं घेऊन येतो आणि मांस खाली आणून देतो, त्याचे काहीशे डॉलर. चौथा, रँचच्या मालकाला नुसते आत यायचे पैसे द्यायचे, बाकी सगळं स्वतः. आणि पाचवा प्रकार मला सगळ्यात शेवटी कळला, तो म्हणजे प्रायव्हेट रँचवर फक्त मादीची गाईडेड शिकार, सीझनच्या शेवटी, दीड-दोन दिवसांची, आणि तिचा भाव नराच्या शिकारीच्या पाव-पंचमांश. मला एका ठिकाणी एकोणीसशे डॉलर सांगितले. नराला भाव शिंगांचा असतो, मांस मादीचं काकणभर चांगलंच.

हा भाव कमी का तेही समजून घेतलं, कारण स्वस्त म्हटलं की आपल्याला आधी शंका येते. कळप किती ठेवायचा हे माद्यांवर ठरतं, म्हणून राज्याचं खातं, कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ, काही भागात फक्त प्रायव्हेट लँडवर चालणारी मादीची लायसन्स काढतं. सीझन सुरू झाला की पब्लिक लँडवर गर्दी होते, गोळ्यांचे आवाज होतात आणि एल्क शहाणे असतात, ते सरळ कुंपण ओलांडून रँचवर जाऊन बसतात. तिथं ते शेतकऱ्याचं गवत खातात, कुंपणं मोडतात. मग शेतकऱ्यालाही थोडे कमी झालेले हवे असतात आणि शिकाऱ्यालाही मांस हवं असतं.

मी आऊटफिटर लोकांना फोन करायला लागलो ते फेब्रुवारीत, कारण कोलोराडोत ड्रॉचा, म्हणजे लायसन्सच्या सोडतीचा, अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत करावा लागतो आणि कुठल्या युनिटचं (शिकारीसाठी आखलेल्या भागाचं) लायसन्स मागायचं हे तुम्ही कोणाबरोबर, कुठं जाणार यावर ठरतं. आधी गाईड बुक केला आणि लायसन्सच लागलं नाही तर काय, हा पहिला प्रश्न विचारायचा. काहीजण डिपॉझिट परत देतात, काहीजण पुढच्या वर्षाला ढकलतात, काहीजण काहीच करत नाहीत.

फोनवर बोलताना कोण कसा आहे ते पाच मिनिटांत कळतं. एकानं मला सांगितलं आमचा नव्वद टक्के सक्सेस आहे. मी विचारलं, म्हणजे नव्वद टक्के लोकांनी एल्क घरी नेला, की नव्वद टक्के लोकांना मारायची संधी मिळाली? तर म्हणाला संधी. या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी त्याला विचारलं की मागच्या वर्षी रिकाम्या हातानं गेलेल्या दोघांशी बोलता येईल का, तर त्यानं विषय बदलला. दुसऱ्या एकानं न मागता तशा लोकांचे नंबर दिले, म्हणाला ज्यांना मिळाला ते माझं कौतुकच करणार, ज्यांना मिळाला नाही त्यांना विचार आम्ही कसं काम केलं. तिथंच माझं अर्धं मन झालं.

एका शिकाऱ्यामागं एक गाईड की दोघांमागं एक, गाईड त्या रँचवर किती वर्षं आहे, जनावर जखमी झालं आणि सापडलं नाही तर काय, हे सगळं विचारलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांचं एकच असतं, रक्त दिसलं की तुमची शिकार संपली, टॅग, म्हणजे लायसन्सवरचा एका जनावराचा हक्क, वापरला असं धरायचं. पुष्कळ लोकांना हा नियम जाचक वाटतो, मला तो मनापासून पटला. जखमी जनावर सोडून दुसऱ्यावर नेम धरणारा माणूस मला व्हायचंच नव्हतं. पण त्याचबरोबर मी प्रत्येकाला स्पष्ट सांगितलं की मी रेंजवर वर्षभर सराव केलाय, दोनशे यार्डांच्या पुढं मी गोळी घालणार नाही, गाईडनं कितीही सांगितलं तरी नाही. एकजण हसला आणि म्हणाला, आमच्याकडं चारशेची तयारी ठेवून येतात. त्याला मी यादीतनं काढलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मी शेवटी ठेवायचो. एल्क पडल्यावर सुरी मी धरली तर चालेल का, आणि तुमचा माणूस शेजारी उभा राहून मला शिकवेल का? तीन जणांनी हे टाळलं, त्यांचं म्हणणं आमची पोरं पाऊण तासात काम संपवतात, तुम्ही फोटो काढा, कॉफी प्या. त्यांच्या बाजूनं ते बरोबर आहे, त्यांना पुढचं गिऱ्हाईक असतं. पण ज्यानं रिकाम्या हाताच्या लोकांचे नंबर दिले होते तो म्हणाला, वेळ तीनपट लागेल, थंडी असेल, पण तुला शिकायचं असेल तर आम्हाला आनंदच आहे.

इथं माझं ठरलं. लोक गाईड घेतात एल्क सापडावा म्हणून, मी घेतला एल्क पडल्यानंतर त्याचं नीट व्हावं म्हणून. शोधणं मी हळूहळू शिकू शकतो, त्यात नाही सापडला तर कोणाचं काही बिघडत नाही, मी डोंगरात फिरून घरी येतो. पण नीट न मारलेला किंवा मारून नासवलेला एल्क ही न भरून येणारी गोष्ट आहे, आणि ती शिकायला शेजारी जाणता माणूस हवा. बायकोशी बोललो, तिला मी फ्लॅट टॉप्समध्ये एकटा जाणं आधीपासून नको होतं, ती म्हणाली, "तू शिकायचे पैसे देतोयस ना, मग दे, फक्त मला कुठं आहेस ते रोज रात्री कळलं पाहिजे." सॅटेलाइट मेसेंजर त्याच आठवड्यात घेतला.

पैसे द्यायच्या आधी कागद तपासले आणि हे प्रत्येकानं करावंच. कोलोराडोत पैसे घेऊन शिकारीला नेणाऱ्या आऊटफिटरला राज्याकडं नोंदणी करावी लागते, त्यासाठी बाँड आणि विमा लागतो, गाईडकडं प्रथमोपचाराचं कार्ड लागतं, आणि ती नोंदणी चालू आहे का, कोणाची तक्रार होऊन कारवाई झालीय का हे राज्याच्या वेबसाइटवर नाव टाकलं की फुकट दिसतं. नॅशनल फॉरेस्टमध्ये नेणार असेल तर त्याला फॉरेस्ट सर्व्हिसचं परमिटही लागतं, ते मागून बघायचं. तोंडी काही ठरवू नका, करार लेखी हवा. माझ्या करारात तारखा, एकास एक गाईड, रक्ताचा नियम, लायसन्स लागलं नाही तर डिपॉझिट परत, आणि मी आग्रहानं घालून घेतलेलं एक वाक्य की सोलण्या-कापण्याचं काम गिऱ्हाईक गाईडच्या देखरेखीत स्वतः करेल.

एक अजून सांगायचं राहिलं, ज्यांना गाईडचे पैसे परवडत नाहीत त्यांच्यासाठी. पार्क्स अँड वाइल्डलाइफकडं फोनवर माणसं असतात ज्यांचं कामच शिकाऱ्यांना नियोजनात मदत करणं आहे, मी त्यांच्याशी बराच वेळ बोललो, कुठल्या युनिटमध्ये पब्लिक लँड किती, बर्फ पडला की कळप कुठल्या बाजूला उतरतो, सगळं सांगतात आणि एक पैसा घेत नाहीत. त्यांच्याशी आधी बोला.

दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं आहे. ह्यूस्टनच्या एका मित्राला वायोमिंगला जायचं होतं, तर तिथं बाहेरच्या राज्यातल्या माणसाला वाइल्डरनेसमध्ये मोठ्या जनावराची शिकार करायला गाईड किंवा तिथला रहिवासी बरोबर असणं कायद्यानंच बंधनकारक आहे. न्यू मेक्सिकोत तर ड्रॉमधली दहा टक्के लायसन्स आऊटफिटरबरोबर करार केलेल्यांसाठी राखीव आणि बाहेरच्या बाकी सगळ्यांना मिळून सहा टक्के, म्हणजे तिथं गाईड घेण्याचं एक कारण नुसतं लायसन्स लागावं हेही असू शकतं. मित्र म्हणून कोणी सल्ला देताना आपल्या राज्याचा नियम दुसऱ्याला सांगतो आणि गोंधळ होतो, तेवढं बघा.

मला ड्रॉमध्ये डिसेंबरचं प्रायव्हेट लँडवरचं मादीचं लायसन्स लागलं. रहिवासी म्हणून साठ-सत्तर डॉलरमध्ये काम झालं, बाहेरच्यांना एल्कच्या लायसन्सला कितीतरी पट मोजावे लागतात, नराचं तर सात-आठशेच्या घरात जातं.

गाईड म्हणजे त्या रँचवरच वाढलेली तिशीतली बाई होती, फार बोलायची नाही. पहाटे अंधारात निघालो, अंगावर नियमाप्रमाणं भगभगीत नारिंगी जॅकेट आणि टोपी, सेजब्रशच्या झुडपातनं चालत एका टेकाडाच्या मागं जाऊन बसलो, आणि उजाडलं तसा खालच्या गवताच्या शेतात कळप दिसला, शंभराच्या वर असतील. मला वाटत होतं आता लगेच होणार. पण तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं थांब. तेव्हा जे शिकलो ते मला पुस्तकात कुठं मिळालं नव्हतं, मोठ्या कळपात एल्क शोधायचा प्रश्नच नसतो, प्रश्न असतो एक सुटी मिळण्याचा. गोळी एकीच्या आरपार जाऊन मागच्या दुसरीला लागू शकते, त्यामुळं हवी ती मादी आडवी उभी आणि तिच्या मागं-पुढं कोणी नाही असं होईपर्यंत बोट ट्रिगरकडं न्यायचंच नाही. सकाळभर तसं झालं नाही. कळप एकत्रच हलत राहिला आणि झाडीत गेला, आणि आम्ही उठलो. मी त्या वेळी एकटा असतो तर काय केलं असतं याचा विचार करत मी बराच वेळ गप्प चाललो.

दुसऱ्या दिवशी दुपारी उतारावर चार-पाच माद्या कळपापासून वेगळ्या चरत होत्या. अंतर दीडशे यार्डांच्या थोडं पुढं, काठ्यांवर रायफल टेकवलेली, थ्री-ओ-एट कॅलिबरची. एक मादी आडवी झाली, मागं नुसती बर्फाची टेकडी. गाईड हळूच म्हणाली, "खांद्याच्या मागं, घाई नको." गोळी सुटली, मादी पन्नासेक पावलं पळाली आणि बसली, आणि मग आडवी झाली. लगेच जाऊ दिलं नाही गाईडनं, अर्धा तास थांबलो, मग मागच्या बाजूनं जवळ गेलो, काठीनं डोळ्याला स्पर्श केला, हालचाल नाही. मी हात जोडले. तिनं टोपी काढली. मग टॅगवर सही आणि तारीख.

सोलायला जवळजवळ तीन तास लागले. पोट न फोडता, एका अंगावर ठेवून आधी वरच्या बाजूचं कातडं सोडवायचं, पुढचा पाय तर सांध्यावर अडकलेलाच नसतो, नुसत्या स्नायूंवर असतो, तो अलगद सुटतो, मागच्या पायाला मात्र खुब्याचा सांधा हातानं चाचपून शोधावा लागतो, मग पाठीचा पट्टा कण्याच्या कडेकडेनं, मग मान, मग उलटं करून दुसरी बाजू, आणि आतलं टेंडरलॉइन शेवटच्या बरगडीमागनं हात घालून. प्रत्येक ठिकाणी तिनं आधी बोटानं दाखवलं आणि मग मला करू दिलं. मादी असल्याचा पुरावा एका पायाला नैसर्गिकरीत्या चिकटलेला ठेवावा लागतो, वाटेत वॉर्डननं तपासलं तर दाखवायला, तो कुठला भाग आणि कसा ठेवायचा हे वाचून कळत नाही, बघूनच कळतं. सुरी दर थोड्या वेळानं परजत राहायची, केस मांसाला लागू द्यायचे नाहीत म्हणून कातडं नेहमी आतनं बाहेर कापायचं. या तीन तासांसाठी मी एकोणीसशे डॉलर दिले असं मी आजही सगळ्यांना सांगतो. वरनं पंधरा टक्के टिप दिली, इथली तशी रीतच आहे.

घरी येताना डोकं पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या ऑफिसात दिलं. इकडं हरणांमध्ये आणि एल्कमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा रोग आहे, पंचवीस डॉलरमध्ये तपासून देतात, आणि रिपोर्ट निगेटिव्ह येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये तसंच ठेवलं, खाल्लं नाही. साठेक किलो मांस निघालं. चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळं आपल्या सुक्क्याला तेल जरा जास्त घालावं लागतं आणि मंद आचेवर वेळ द्यावा लागतो, रस्सा मात्र फार सुंदर होतो. मंडळातल्या चार घरांना वाटे दिले.

आता पुढच्या सीझनला मी आणि ऑफिसातला तो पहिला मित्र गाईड न घेता जाणार आहोत, नॅशनल फॉरेस्टमध्येच पण वाइल्डरनेसच्या बाहेर, रस्त्यापासून दीड मैलाच्या आत, आणि दोघांनीही मादीचंच लायसन्स मागायचं ठरलंय. त्यापलीकडं एल्क दिसला तर पॅकर आधी ठरलेला असेल तरच गोळी घालायची, हे आमच्यात बोलून पक्कं झालंय. ज्यांचं असंच काही चाललंय त्यांनी पॅकरशी जानेवारीतच बोलून ठेवा, कारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या रायफल सीझनला सगळ्यांना एकाच आठवड्यात खेचरं हवी असतात, आणि ज्यांची नावं आधी लिहिलेली असतात त्यांच्याकडं ती आधी जातात.